हँडल मारायला योग्य दिवस

सोमवार, १२ जून १९११. क्लीव्हलंड.
नवी पेट्रोलची गाडी दारात! रविवारी दंतवैद्य मंडळाच्या पिकनिकला ती स्वतः चालवत आणणार, असं सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून बसलोय. बायकोची, म्हणजे हेटीची, विजेची गाडी म्हणजे शुद्ध बायकी प्रकार. आत फुलदाणी काय, पडदे काय! दांडी ढकलली की निघाली. माझी सुरू करायला पुढून लोखंडी हँडल जोराने फिरवावं लागतं, ते मर्दाचं काम. उद्या सकाळी हँडल मारायचंच.

मंगळवार, १३ जून.
हवा दमट. हँडल मारलं नाही.
शेजारचे लूथर स्टॅग दाढ काढायला आले. उजवा हात झोळीत. हँडल उलटं फिरलं आणि मनगट मोडलं म्हणे. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, घाबरू नका, दुखणार नाही. तर म्हणाले, डॉक्टर, तेवढं तुमच्या हँडललाही सांगून ठेवा. फाजील माणूस!
दुपारभर माझ्याच मनगटात कळा. मनगट गेलं तर दात कोण उपटणार? ही भीती नव्हे, धंद्याचा विचार.

बुधवार, १४ जून.
हँडलला हात लावला. लगेच काढला. दवाखान्याला उशीर होत होता, म्हणून हेटीची गाडी घेतली. कोणी ओळखू नये म्हणून तिची तोंड झाकणाऱ्या जाळीची हॅटही. (धूळ फार असते.) रस्त्यात दोघांनी मला बाई समजून अदबीने टोप्या उचलल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शनिवार, १७ जून.
हेटीने विचारलं, माझी गाडी चार्जिंगला लावलीस ना रे? हो म्हणालो. लावणारच होतो. पण त्या चार्जिंगच्या बोर्डाची कळ ओढली की ठिणगी उडते, आणि उद्यासाठी हात जपायला हवा. गाडीत असेलच थोडीफार वीज.

रविवार, १८ जून. सकाळी ९.
हँडलसमोर पाऊण तास उभा. हेटी म्हणाली, हो बाजूला. केकचा डबा माझ्या हातात दिला, एकच झटका मारला. गाडी धडधडायला लागली! चल, बस म्हणाली. बायको चालवणार आणि मी शेजारी? मनगट लचकलंय, मागून येतो म्हणालो. डबा घेऊन गेलीसुद्धा.
बेत: तिच्या गाडीने पिकनिकच्या तळ्याच्या अलीकडे जायचं, गाडी झाडीत लपवायची, पुढे पायी. कोणाला संशयही येणार नाही. हॅट घातली.

रविवार, दुपारी ४.
चढावर गाडी मेली. पडदे ओढून आत बसून राहिलो. मागून मंडळाचे अध्यक्ष डॉ. ग्रिम्सबी आपल्या गाडीतून आले. काचेवर टकटक करून म्हणाले, बाईसाहेब, एकट्याच? घाबरू नका.
जाळी वर करायची हिंमत झाली नाही. पडदा जरासा सरकवून नुसती मान हलवली. त्यांनी दोर बांधला आणि हेटीची गाडी ओढत थेट पिकनिकच्या टेबलांपर्यंत नेली. मग दार उघडून, अदबीने वाकून हात पुढे केला. अख्खं मंडळ बघत होतं. वर जाळीची हॅट, खाली माझी पँट. तो हात धरूनच उतरलो.
हेटी केक कापत होती. सुरी न थांबवता म्हणाली, एज्रा, हॅट सरळ कर.