मानपत्रातलं पहिलं वाक्य

आचरा, शुक्रवार संध्याकाळ

सिनेमा-मालिकांत गाजलेल्या बाईंचा उद्या गावात सत्कार. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे; आयोजकांना आज पाचला हवं होतं, साडेचारलाच दिलं.

ज्या मासेवालीच्या भूमिकेने त्यांना मोठं केलं, ती त्या आमच्या पडवीत शिकल्या. चालणं, मासळी कापणं, शिव्यासुद्धा आईने महिनाभर शिकवल्या. मुलाखतीत मात्र दरवेळी ‘माझं निरीक्षण’! आई टीव्हीसमोरून विचारते, “माजा नाव घेतल्यान गो?” मी किती वर्षं म्हणायचं, पुढच्या वेळी घेतील?

म्हणून पहिल्याच वाक्यात आईचं नाव घातलं. फ्रेमही झाली, आता खोडता येणार नाही.

उद्या ते माइकवर वाचतील. बाईंना हसत ऐकावं लागेल. हसतील, अभिनय येतो त्यांना. समोरच्या खुर्चीत आई असेल.