काकांनी लपवलेला वॉर्ड

मंगळवार, देऊळघाट

सैन्याच्या नर्सिंगमध्ये निवड झाली तर मी मनोरुग्णांचा वॉर्ड मागणार, हे आज संध्याकाळी काकांना सांगून टाकलं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, हसतील असं वाटलं होतं. ते गव्हातले खडे वेचत होते. बोटं थांबली.

"काऊन तोच?"

"तिथं जायला कोणी तयार नसतं म्हणून."

मग गव्हाचं ताट बाजूला सारून म्हणाले, "मी होतो त्या वॉर्डात. तीन महिने. घरी सांगतलं, पाय मोडला."

मी तिथली नर्स काय करायची, एवढंच विचारलं.

"रोज येऊन जवळ बसे. मी बोलत नव्हतो, तरी बसे. तुह्या आईले सांगू नको."

आईचा विरोध नेमका याच वॉर्डाला. तिला पटेल असं एकच उत्तर आता माझ्याकडे आहे, आणि तेच देता येत नाही. काकांनी हे माझ्यासाठी सांगितलं, की स्वतःसाठी? ती थांबलेली बोटं डोळ्यांपुढून जात नाहीत.

जेवताना आईनं विचारलं, "काय म्हणे काका?"

"जा म्हणे," मी ठोकून दिलं.

काका समोरच जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.