सोफ्यातला खड्डा आणि बंद टीव्ही

तीर्थस्वरूप काका,

वाकून नमस्कार (मनातल्या मनात, मान आखडली आहे आणि एकदा वाकले तर परत सरळ होईन याची खात्री नाही). इकडे माझं बरं चाललंय. तुमची तब्येत कशी आहे? साखर किती आली? हे नुसतं रीत म्हणून विचारत नाहीये, पुढे कळेलच. मावशी अजून साखरेवरचा तो कडू काढा देते का? मागे तुम्ही कुरकुरत होतात की हिचा काही नेम नाही, एखाद्या सकाळी एक पेला, एखाद्या सकाळी सरळ तीन, आणि विचारलं तर म्हणे हवा बदलली. बरं, हे पत्र मावशीला दाखवू नका. ती घरात असेल तर गच्चीवर जाऊन वाचा.

तर मी दिवसभर काय करते हे तुम्हाला कधी नीट कळलं नाही, आणि मावशी तर सगळ्यांना सांगते की आमची भाची खोट्या घरांची चित्रं काढते. ते काही चूक नाही. इमारत उभी राहायच्या आधी आतली खोली कशी दिसेल ते मी कॉम्प्युटरवर करून दाखवते, सोफा, पडदे, खिडकीतून येणारं ऊन सगळं. ते पाहून बिल्डर खूश झाला की चित्र मोठ्या फलकावर लागतं. पण हा बिल्डर खूश होईल तर शपथ! चित्र एकदा परत, दोनदा परत, तिसऱ्यांदाही परत, आणि दर वेळी शेरा एकच, खोटं वाटतं. अहो, खोटंच आहे ते! शेवटी आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी (त्या जितक्या चिडतात तितक्या गोड बोलतात) अगदी मधाळ आवाजात सांगितलं, की चौथ्यांदा परत आलं तर तू दुसरी नोकरी बघ.

मग मी हात धुऊन त्या चित्राच्या मागे लागले. खोटेपणा शोधायला गेले तर जिकडे तिकडे तोच. टेबलाच्या कडा अशा धारदार की त्यावर भाजी चिरावी. जमिनीला लाकडाची एकच फळी पन्नास वेळा लावलेली, प्रत्येकीवर तीच गाठ त्याच जागी. दिवा आहे पण वायर नाही, आणि भिंतीवर एकही बटण नाही (म्हणजे रात्री त्या माणसांनी करायचं काय?). मी कडा घासून गोल केल्या, वायर सोडली, बटणं बसवली, पडद्याची एक कडी निसटवली. तरी तिथे कोणी राहतंय असं काही वाटेना. तेव्हा मला तुमचं घर आठवलं.

काका, आता रागावू नका हं. गेल्या महिन्यात मी चार दिवस विश्रांतीला म्हणून आले आणि घरभर फोटो काढत फिरले, तेव्हा मावशीला वाटलं भाचीला माया दाटून आली. (दाटून आलीही होती, पण फोटो कामाचे होते.) तुमच्या बैठकीने वीस वर्षांत सोफ्यात जो खड्डा पडलाय तो मी चित्रात जसाच्या तसा पाडला. कपाच्या बुडाचा तो गोल डाग, ज्यावर पाहुणे यायच्या आत मावशी फुलदाणी सरकवते, तोही घेतला. रबरबँडने बांधलेला रिमोट घेतला. आणि तुमच्या बंद टीव्हीच्या काचेचा फोटो चित्रातल्या टीव्हीवर तसाच चिकटवला, कारण तसली धूळ आणि तसले बोटांचे ठसे हाताने रंगवून जमत नाहीत (पुसायचं काम तुमच्याकडे आहे म्हणे).

बिल्डर चित्राला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि म्हणाला, इथे कोणीतरी राहतं! मी हवेत. तेवढ्यात त्याने टीव्हीवर बोट ठेवून विचारलं, हे गृहस्थ कोण?

ते गृहस्थ म्हणजे तुम्ही. मी कोपऱ्यातून तिरका फोटो घेत होते, मावशी कपडे वाळत घालायला गेली होती, आणि माझ्या पाठीमागे तुम्ही त्या खड्ड्यात बसून, साखरेचा डबा मांडीवर, चमचा तोंडात, डोळे मिटलेले. काचेत जरा अंधूक आहात, पण इतके सुखी की बिल्डर म्हणाला, यांना अजिबात काढायचं नाही. आता तो फलक दोन मजले उंच आणि लागणार भाजीबाजाराच्या चौकात. मावशी रोज सकाळी तिथूनच जाते. तुमचं डोकं त्यात भोपळ्याएवढं येणार. तुम्हाला पुसलं तर माझी नोकरी जाते. ठेवलं तर, काका, जी बाई तुमच्या सोबतीला म्हणून सहा महिने तोंड वाकडं करून बिनसाखरेचा चहा पितेय, तिला काय वाटेल? मला तर विचार करूनच रडू येतंय. इकडे आड, तिकडे विहीर.

तुमची,
बडबडी भाची

ता. क. एवढं पाल्हाळ लावलं ते यासाठी, की फलक सोमवारी लागतोय. रविवारच्या आत तुम्हीच मावशीला सांगून टाका. सांगायला जाताना फुलं नेऊ नका, लगेच संशय येईल.

ता. क. दुसरा. बिल्डरला स्वयंपाकघराच्या चित्रातही तेच गृहस्थ हवेत. सांगून झालं आणि हिंडतेफिरते राहिलात, तर रविवारी इकडे या. डबा मी आणते, रिकामा.

ता. क. तिसरा, आणि वरचं सगळं विसरा. छापायला देण्याआधी चित्र आत्ता खूप मोठं करून पाहिलं. तुमच्या मागे, दारात, मावशी उभी आहे. खांद्यावर ओला टॉवेल, नजर तुमच्यावर, आणि काका, ती हसतेय हो! चित्र तसंच छापायला पाठवून दिलं. फक्त एक सांगते. तिच्या एका हाताची बोटं चमचे मोजताना मुडपावीत तशी मुडपलेली आहेत. तीन. फोटो मी निघाले त्या दिवशीचा, म्हणजे बुधवारचा. गुरुवारी सकाळी काढ्याचे किती पेले झाले, आठवून बघा.