रश्शाचं मीठ

मंगळवार, डायलिसिसहून आल्यावर

दोन चमचे रस्सा चाखला, तर दिवसभरासाठी मोजून दिलेल्या पाण्यातला अर्धा कप तहानेपायी गेला. भूक मेलीय, तोंडाला लोखंडाची चव. पण हातगाडीचं हॉटेल झालं ते या जिभेवर. सगळ्या अंबडात अशी जीभ न्हाई. म्हणून रस्सा अजून मीच चाखतो. आज म्हणालो, मीठ कमी आहे. सुनेनं पळी फिरवली, मी परत चाखला अन् म्हणालो, "आता कसं बराबर!"

गल्ल्यावर येऊन बसलो. कान मात्र शाबूत. आत सून कुजबुजली, "आत्याबाई, मीठ टाकलंच न्हाई मी."

बायको म्हणाली, "टाकूच नको. रोजच्यासारखी नुसती पळी फिरवायची."

रोजच्यासारखी? माझ्याच हॉटेलात मला लहान पोरासारखं समजावून राह्यल्या!

मंग गुपचूप आत जाऊन परत चाखला. मीठ होतं का नव्हतं, मला कळलं न्हाई.