तांदळातलं नाव

बिशान, सिंगापूर

प्रिय मृण्मयी,

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

इथल्या पीआरची, म्हणजे कायम रहिवाशाची, बायको म्हणून तुझ्या इथे राहण्याच्या पासचा केलेला अर्ज परत आला. काळजी करू नकोस, चूक माझीच. लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव मी अर्जात भरलं. पासपोर्टवर तू अजून विभाच आहेस. काल दुरुस्त करून पुन्हा पाठवला.

चहाला अजून दोन कप काढतो, मग एक परत ठेवतो.

काल ‘विभा’ लिहिताना जाणवलं, मृण्मयी म्हटलं की तू ओ द्यायला क्षणभर थांबतेस. लग्नात नाव बदलताना तुला विचारलंच नव्हतं. फोनवर विचारायचा धीर झाला नाही.

दारावरची पाटी करायला टाकतोय. तुझं कुठलं नाव घालू?

वाट पाहणारा,
प्रसन्न