रूथमावशींचा आवाज

रविवार, संध्याकाळ

आवाज चिरका झाला म्हणून मी चर्चच्या कॉयरमधून बाहेर पडले. तेव्हापासून वाटायचं, देवाने दिलेलं कृपादान त्याने परत घेतलं. आज उपासनेनंतर जोगेश्वरीला आमच्या चर्चमधल्या रूथमावशींकडे गेले. अर्धांगवायूनंतर त्यांचं बोलणंच बंद झालंय. काय बोलावं सुचेना, म्हणून त्याच चिरक्या आवाजात एक जुनं गीत म्हणायला लागले. दुसऱ्या ओळीला मावशीही गायला लागल्या. अगदी शब्दांसकट. त्यांची मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. "ताई, थांबू नका ना," म्हणाली. मी कशाला थांबतेय? घसा बसेपर्यंत गायले. कॉयरमध्ये असताना कधी एवढा आनंद झाला होता? आठवत नाही. निघताना मुलगी हळूच म्हणाली, "आईचा आवाज विसरत चालले होते मी."