कोनाड्यावर ठोकलेलं टेबल

पुलगाव, ५ नोव्हेंबर २०२४

चि. रत्नदीप यास ताईचे आशीर्वाद आणि जयभीम.

वि. वि. तू भिंतीला लावून दिलेलं घडीचं टेबल परवा आईसकट खाली आलं, म्हणून लिहिते. फोनवर तू हसून विषय बदलतोस.

आई जेवून उठताना फळीवर हात टेकून उभी राहत होती. अँगल, स्क्रू आणि घमेलंभर माती एकदम बाहेर! हाड वाचलं, मनगट सुजलं आहे. आत विटेचा पत्ता नाही. अरे, तिथे जुना कोनाडा होता! तथागतांचा फोटो तिथून लाकडी स्टँडवर हलवला, तेव्हा तूच तो कोनाडा गोटे-माती कोंबून बुजवलास आणि वरून गिलावा फिरवलास. खिडकीजवळची म्हणून आईने तीच जागा दाखवली आणि तू डोळे मिटून ड्रिल चालवलंस.

खरा संताप पुढेच आहे. आई शेजारच्या नलूला सांगते, पोरानं मजबूत बसवलं होतं, माहंच वजन जास्त, मीच मोडलं. आता ती खाटेवरून उतरत नाही. स्वतःच्या हाताने जेवणारी बाई, मी भरवते. येत्या रविवारी ये आणि चूक कोणाची ते तिच्यासमोर सांग.

तुझी,
जयाताई

हिंगणघाट, ९ नोव्हेंबर

ती. ताईस रत्नदीपचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आधी तुझ्या भावजयीने, मेघाने वाचलं, त्यामुळे मी दोनदा बोलणी खाल्ली. कोनाडा ध्यानातच नाई राहिला. पण ताई, टेबल जेवाले असते, उठाले नाई. आईनं सगळा भार टाकला तर काय टिकन? कापसाच्या जिनिंगचा सीझन सुरू आहे, रविवारीही सुट्टी नाई. मोठे स्क्रू पाठवतो, तिथंच कोणाकडून बसवून घेजो. नाईतर आईले इकडं पाठव. आमच्याकडे चार पायांचं टेबल आहे.

राग कमी झाला की चार ओळी लिहिजो.

तुझा,
रत्नदीप

पुलगाव, १३ नोव्हेंबर

चि. रत्नदीप, आशीर्वाद.

मोठे स्क्रू मातीत मोठं भोक पाडतील, एवढंच. म्हातारं माणूस हाताशी येईल ते धरून उठतं, हे फळी लावणाऱ्याने आधीच गृहीत धरायचं असतं. तुझं पत्र आईला वाचून दाखवलेलं नाही. ‘भार’ हा शब्द कानावर पडला असता तर तिने जेवणही टाकलं असतं. तुझं चार पायांचं टेबल तुला लखलाभ. माणूस हवा आहे, स्क्रू नकोत.

जया

पुलगाव, २ डिसेंबर

चि. रत्नदीप यास आशीर्वाद.

शेवटी रजा काढून लागोपाठ दोन रविवार आलास. पहिल्या रविवारी आईला खुर्चीवर बसवून तिच्यादेखत भिंत फोडलीस, आतली माती काढून दाखवलीस आणि हे माह्या हातचं काम, तुहा काही दोष नाई, असं सांगितलंस. तिने तुला गधा म्हटलं. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज खणखणीत निघाला. मग विटा-सिमेंटने कोनाडा भरलास; दुसऱ्या रविवारी आरपार बोल्ट घालून बाहेरून लोखंडी पट्टी कसलीस आणि स्वतः फळीवर बसून दाखवलंस. हेच आधी केलं असतं तर तिचं मनगट सुजलं नसतं. माझा राग अजून गेलेला नाही, कळावे.

तरी येत जा.

ताई

ता. क. आज मेघा आईला भेटून परत निघाली. तिच्या हाती दिलं: तुझं विसरलेलं ड्रिल, उरलेले दोन बोल्ट आणि आईने टेबलाशी बसून निवडलेली तूरडाळ, एक डबा. डबा परत हवा.